पुरात टॉवर बंद पडले तर: हॅम परवाना आणि त्याच्या पुढचं काम

चिपळूणच्या एका ट्रेकर मित्राने विचारलं आहे: "२०२१ च्या पुरात आमच्याकडे ना फोन होता ना वीज. आमचा बारा-पंधरा जणांचा गट पावसाळ्यात मदतीला जातो. आपत्तीच्या वेळी वापरता यावा म्हणून हॅम रेडिओचं लायसन्स काढायचं आहे. एरवी रेडिओवर गप्पा मारण्यात रस नाही. कोणती परीक्षा द्यावी, खर्च किती येतो, सेट कोणता घ्यावा?"

हॅम रेडिओ म्हणजे मोबाइल टॉवरशिवाय थेट एकमेकांशी बोलणारा, हौशी लोकांचा परवान्याचा रेडिओ. परीक्षा, खर्च, सेट, तिन्हींची उत्तरं सोपी आहेत. अडचण आहे ती "गप्पा मारण्यात रस नाही" या वाक्याची. त्याच्याकडे येतोच, आधी सोपं उरकू.

हा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातला वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विभाग देतो. हॅम मंडळी त्याला नुसतं डब्ल्यूपीसी म्हणतात. अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. आधी परीक्षा पास होऊन ऑपरेटरचं सर्टिफिकेट मिळवायचं आणि मग त्याच्या जोरावर परवाना. कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं तुमचं सरकारी नाव, परवान्याबरोबर येतो. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेला कोणीही बसू शकतो, विज्ञान शाखेचीच पदवी पाहिजे वगैरे काही नाही. माझ्याबरोबर परीक्षेला एक किराणा दुकानदार होते आणि ते माझ्यापेक्षा जास्त मार्कांनी पास झाले. परीक्षा विभागाच्या मॉनिटरिंग स्टेशनांवर होते. मुंबईचं स्टेशन बोरिवलीला गोराई भागात आहे, शिवाय नागपूर आणि गोव्यालाही आहेत. तुम्हाला कोकण रेल्वेने मुंबई काय नि गोवा काय, सारखंच.

श्रेणी दोन. रिस्ट्रिक्टेडला व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन मिळतो, जनरलला व्हीयू२ ने. लेखी परीक्षेचे दोन भाग असतात, एक रेडिओचं तंत्र आणि दुसरा नियम. जनरलला याशिवाय मोर्सची, म्हणजे टिंब-रेषांच्या सांकेतिक लिपीची परीक्षा, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने ऐकून उतरवायचं आणि हाताने पाठवायचं. तुम्ही सरळ रिस्ट्रिक्टेडचा अर्ज भरा. तुमच्या कामाला लागणारे फ्रीक्वेन्सीचे पट्टे तीत मिळतात आणि एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या लघुलहरींवर, ५० वॅटपर्यंत शक्ती वापरता येते. जनरलची मर्यादा ४०० वॅट आहे, पण पुरात ४०० वॅट चालवायला वीज कुठून आणणार? मोर्स नंतर आवडीने शिका. आवाज गोंगाटात बुडतो तिथे पाच वॅटचा मोर्स आरामात निघून जातो, हे एकदा कानाने अनुभवलं की माणूस आपणहून शिकतो.

परीक्षेची फी शंभर रुपये, परवाना वीस वर्षांसाठी हजार आणि आजीवन दोन हजार, असा दर आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर जुने नियम टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, त्यामुळे पैसे भरायच्या दिवशी आकडा पोर्टलवर बघूनच भरा. आणि वेळ हाताशी ठेवा. अर्ज, परीक्षा, निकाल, परवाना या सगळ्याला महिने लागतात. यंदाच्या जूनसाठी एप्रिलमध्ये धावपळ करून काही हाती लागत नाही. दिवाळीनंतर सुरुवात केलीत तर पुढचा पावसाळा गाठता येईल.

अभ्यासाचं भय बाळगू नका. बारावी फिजिक्सच्याही अलीकडचं बरंचसं आहे. ओहमचा नियम, ट्रान्झिस्टर काय करतो, मॉड्युलेशन म्हणजे काय, अँटेनाची लांबी कशी काढायची. एक नमुना बघा, कारण हाच पुढे प्रत्यक्षात लागणार आहे. ७.१ मेगाहर्ट्झवर तरंगलांबी किती? ३०० ला ७.१ ने भागा, साधारण ४२ मीटर येतात. म्हणून या पट्ट्याला ढोबळपणे चाळीस मीटर म्हणतात. अर्ध्या तरंगाचा डायपोल, म्हणजे मध्ये केबल जोडलेली सरळ तारेची अँटेना, २१ मीटरचा. तारेत लहर थोडी हळू चालते, म्हणून पाचेक टक्के कापा. राहिले २० मीटर, मधून दोन भाग केले की दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार. पुस्तकातलं हे गणित एकदा घरच्या गच्चीवर तार कापून केलंत की परीक्षेत विसरायचा प्रश्नच नाही.

आता चिपळूणकडे वळू. सेट कोणता, या प्रश्नाचं उत्तर दुकानात मिळत नाही. ते नकाशावर आहे.

बहुतेक जण आधी हातातला सेट घेतात, ज्याला आम्ही हँडी म्हणतो. तो १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफ पट्ट्यावर चालतो, शक्ती पाच वॅटच्या आसपास. व्हीएचएफ लहर जवळपास सरळ रेषेत जाते. डोंगर आडवा आला की संपलं. म्हणून उंच डोंगरावर रिपीटर बसवतात. तो खालून आलेला आवाज उचलून दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर पुन्हा सोडतो. पुणे-मुंबईतल्या नवख्या हॅमला रिपीटरमुळे वाटतं की हँडीवरून सगळं जग बोलतं. तुम्ही वाशिष्ठीच्या खोऱ्यात आहात. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला समुद्रापर्यंत टेकड्यांच्या रांगा. कऱ्हाड हवाई अंतराने साधारण ७५ किलोमीटर, पण मध्ये कुंभार्ली घाट. बाजारपेठेतून हँडी दाबलीत तर खेर्डीपर्यंत बोलणं होईल, पुढे भरवसा नाही. आणि मोबाइल टॉवर ज्या कारणाने बंद पडतो, म्हणजे वीज गेली आणि जनरेटरचं डिझेल संपलं किंवा जनरेटरच पाण्यात गेला, त्याच कारणाने रिपीटरही बंद पडू शकतो. म्हणून ज्या योजनेत रिपीटर आहे, त्या योजनेचा रिपीटरशिवायचा दुसरा मार्ग कागदावर लिहून ठेवलेला हवा.

डोंगर ओलांडायचा खरा उपाय म्हणजे एचएफ, आणि त्यातही चाळीस मीटरचा पट्टा, ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. गंमत अशी की इथे अँटेना उंच नको, बुटकी हवी. डायपोल जमिनीपासून चार-सहा मीटरवर आडवा टांगला की बराचसा सिग्नल सरळ आभाळाकडे जातो. वर काहीशे किलोमीटरवर आयनोस्फिअर हा वातावरणाचा थर असतो, तो सिग्नल परतवतो आणि छत्रीसारखा चहूबाजूंना तीन-चारशे किलोमीटरच्या पट्ट्यात खाली येतो. होजपाइपने भिंतीपलीकडे पाणी टाकायचं तर भिंतीवर मारून उपयोग नाही, धार वर मारायला लागते, तसं. मग सह्याद्री आहे काय आणि नाही काय, चिपळूणहून रत्नागिरी, सातारा, पुणे, मुंबई सगळे एकाच छत्रीखाली येतात. दिवसा हे छान चालतं. अंधार पडला की चाळीस मीटर 'लांब' जातो, म्हणजे जवळची स्टेशनं बुडतात आणि दूरदूरची ऐकू येऊ लागतात. तेव्हा ऐंशी मीटरवर, ३.५ मेगाहर्ट्झच्या बाजूला उतरायचं. त्याला दुप्पट तार लागते, म्हणून दोन्ही तारा आधीच कापून, गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवायच्या.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझाच विश्वास नव्हता. साताऱ्याजवळ एका मंदिराच्या आवारात दोन आंब्यांच्या मध्ये तार बांधली होती, इतकी खाली की पुजारीकाकांनी तिच्यावर पंचा वाळत घालायला उचलला. त्याच तारेवर रत्नागिरीचा माणूस खोलीत बसल्यासारखा ऐकू येत होता. मुंबईचाही आला. शंभर फुटी मनोऱ्यावर अँटेना चढवून बसलेला एक मित्र मात्र रत्नागिरीला हाका मारून थकला. त्याचा सिग्नल रत्नागिरीच्या डोक्यावरून पार परदेशात जात होता.

तेव्हा तुमच्या गटाला एक एचएफ सेट आणि तीन-चार हँडी, असा मेळ बसतो. एचएफचे तयार जपानी सेट शंभर वॅटचे असतात (रिस्ट्रिक्टेडवर ते पन्नासच्या आत ठेवून चालवायचे) आणि जुने घेतले तरी खिशाला जड जातात. हात चालत असतील तर हैदराबादचे अशर फरहान यांनी बनवलेलं 'बिटएक्स' हे डिझाइन बघा. त्याचा पुढचा अवतार म्हणजे मायक्रोबिटएक्स, दहा वॅटच्या आसपासचा. जगभरच्या हॅमनी ते बनवून चालवलं आहे. दहा वॅटवर आणि बुटक्या डायपोलवर महाराष्ट्राचा निम्मा भाग दिवसा गाठता येतो, हे मी अनेकदा केलेलं आहे.

बॅटरीचं गणित सेट घेण्याआधी करा. शंभर वॅटचा सेट पूर्ण शक्तीवर बोलताना वीस अँपिअर खेचतो, नुसता ऐकताना एक-दीड. पन्नास वॅटला बोलताना बारा-तेरा धरा. तासातली दहा मिनिटं बोललात आणि पन्नास ऐकलीत तर तासाला साधारण साडेतीन अँपिअर-तास गेले. इन्व्हर्टरच्या दीडशे अँपिअर-तासाच्या बॅटरीतून निम्मी काढली तरी वीस तास निघतात. पण ती बॅटरी तळमजल्यावर जिन्याखाली ठेवलेली असेल तर पुराच्या पहिल्या तासातच गेली. २०२१ मध्ये तुमच्याकडे पाणी कुठवर चढलं हे तुम्हालाच जास्त ठाऊक. सेट, बॅटरी, तार, केबल सगळं वरच्या मजल्यावर आणि तेही एका माणसाला उचलता येईल एवढ्या पेटीत. मी चाळीस अँपिअर-तासाची बॅटरी वापरतो, कारण माझ्या गुडघ्यांना तेवढीच झेपते.

कोकणातल्या पावसात केबलच्या कनेक्टरमधून पाणी आत शिरतं आणि महिनाभरात तांब्याची जाळी हिरवी पडते. बाहेरून सगळं ठणठणीत दिसतं, पण सिग्नल जात नाही. कनेक्टरवर रबरी स्वयंचिकट टेप ताणून गुंडाळा, वर साधी काळी टेप, आणि कनेक्टरच्या खाली केबलला एक वळसा द्या म्हणजे थेंब तिथून गळून जातील. विजा कडाडत असतील तेव्हा केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर. यात हयगय नाही.

आता त्या गप्पांच्या वाक्याकडे.

'फक्त आपत्तीसाठी' म्हणून घेतलेले सेट मी बरेच पाहिले. कपाटातून काढले तेव्हा बॅटरी फुगलेली, माइक सापडत नाही, फ्यूज कुठला लागतो ते कोणाला माहीत नाही. पण ती गौण गोष्ट आहे, सामान बदलता येतं. खरी अडचण माणसाची होते. ज्याने कधी गोंगाटातून आवाज वेचलेला नाही, त्याला संकटात ते अचानक जमत नाही. सकाळी हवामान काय, चहा झाला का, सिग्नल किती येतोय, अशा ज्या गप्पा तुम्हाला फालतू वाटतात, त्यातूनच कान तयार होतो. कोणत्या वेळी कुठला पट्टा कुठे उघडतो, कोकणात ऐन दुपारी कोण असतो, अमुक माणसाचा आवाज दबून आला तरी ओळखायचा कसा, हे सगळं तिथे अंगवळणी पडतं. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर सगळे जमतात त्याला आम्ही 'नेट' म्हणतो. एकजण कंट्रोल असतो, तो एकेकाला नावाने बोलावतो. आपली पाळी येईपर्यंत गप्प बसायचं. हे गप्प बसणं शिकायला मला एक वर्ष लागलं.

एक माझीच फजिती सांगतो. एका तालुक्याच्या सरावात मला निरोप द्यायचा होता: शाळेत ६० माणसं, तेवढ्या जेवणाची सोय करा. मी माइकवर म्हणालो, "साठ माणसं." पलीकडच्याने लिहिलं सात. दुसऱ्या एका स्टेशनने मध्येच मदत करायला म्हणून सांगितलं, "आठ म्हणतायत." सरावच होता, कोणी उपाशी राहिलं नाही. पण सात, आठ, साठ हे रेडिओवर किती सारखे वाजतात ते त्या दिवशी कळलं. पन्नास आणि पंचावन्न, एकोणचाळीस आणि एकोणपन्नास, हीही तीच गत. मराठीचे आकडे बोलायला गोड, पण खरखरीत घात करतात. तेव्हापासून आकडा आधी पूर्ण आणि मग सुटा: "साठ, सहा शून्य." गावांच्या नावांचंही तसंच. वडगाव एका जिल्ह्यात किती असतील! तालुका जोडल्याशिवाय गावाचं नाव घ्यायचं नाही. कॉलसाइनसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली आहेच, पण मराठी नाव फोडून सांगायचं तर "विठोबाचा वि, टाळातला टा, विटा" असं घरगुती चालतं आणि पटकन कळतं.

निरोप नेहमी लिहून द्यायचा आणि लिहून घ्यायचा. वहीच्या पानावर पाच ओळी: निरोपाचा नंबर, वेळ, कोणाकडून, कोणाला, मजकूर. मजकूर संपला की शब्द मोजून सांगायचे. घेणाऱ्याने तो परत वाचून दाखवायचा, मग रॉजर. एका निरोपाला दोन मिनिटं लागतात आणि सुरुवातीला सगळ्यांना हे फार कारकुनी वाटतं. पण तिसऱ्या दिवशी, झोप नसताना, "त्या डायलिसिसवाल्या पेशंटचा निरोप दिला होता की नाही?" असं कोणी विचारलं की फक्त वहीच सांगू शकते.

२००४ च्या त्सुनामीचं उदाहरण हॅम लोक कायम देतात, पण त्यातला महत्त्वाचा भाग सहसा सुटतो. भारती प्रसाद, कॉलसाइन व्हीयू२आरबीआय, डिसेंबरच्या सुरुवातीपासूनच आपल्या चमूबरोबर पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. गेल्या होत्या त्या आपत्तीसाठी नव्हे, तर अंदमानहून जगभरच्या हॅमशी संपर्क करायला, म्हणजे तुमच्या भाषेत गप्पा मारायला. व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनवर त्या हजारोंशी बोलत होत्या. २६ डिसेंबरला भूकंप झाला, लाटा आल्या, बेटांचा संपर्क तुटला. तेव्हा तिथे तारा टांगलेल्या होत्या, सेट तापलेला होता, ऑपरेटरचा हात बसलेला होता आणि मुख्य भूमीवरच्या हॅमना ती फ्रीक्वेन्सी पाठ होती. पुढचे कित्येक दिवस बेटांवरच्या माणसांच्या खुशालीचे निरोप त्या स्टेशनवरून गेले.

नियमांचा एक मुद्दा परीक्षेतही येतो आणि कामातही. एरवी हॅमने तिसऱ्या माणसाचे निरोप पोचवायचे नसतात, धंद्याचं बोलायचं नसतं, सांकेतिक भाषा वापरायची नसते. भूकंप, पूर, वादळ अशा वेळी नेहमीचं दळणवळण कोलमडलं तर जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम अधिकाऱ्यांचे निरोप नेण्याची मुभा नियमात आहे. म्हणजे तुम्ही प्रशासनाच्या कामाला जोडलेले असायला हवे. म्हणून परवाना आला की कॉलसाइन, मोबाइल नंबर आणि आपल्याकडे काय सामान आहे याचं एक पान तहसील कार्यालयात आणि रत्नागिरीच्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात नेऊन द्या. पूर आल्यावर काखेत सेट घेऊन दारात उभं राहिलात तर तुम्हाला आत कोण घेणार? आधी दोनदा चहा झालेला असला पाहिजे.

गटातल्या बाकीच्यांचं काय? सगळ्या पंधरा जणांनी परीक्षा द्यायची गरज नाही. तिघे-चौघे हॅम असू द्या, पैकी एक तरी असा ज्याचं घर उंचावर आहे. हॅमच्या पट्ट्यावर परवानाधारकाशिवाय दुसऱ्याने सेट दाबायचा नसतो, म्हणून हँडीही या तिघा-चौघांच्याच हातात. बाकीच्यांना आपापसात बोलायला ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले कमी शक्तीचे वॉकीटॉकी चालतील, त्यांना आपल्याकडे परवाना लागत नाही. पल्ला थोडा, पण एका वाडीत पुरतो. ऑनलाइन मिळणारे दीड-दोन हजारांचे चिनी सेट मात्र परवान्याआधी घेऊ नका. ते कुठल्याही फ्रीक्वेन्सीवर बोलू शकतात, पोलिसांच्यासुद्धा, आणि नेमकं तेच अंगाशी येतं. परवाना आल्यावर तो सेट दुसरा म्हणून ठीक आहे.

परीक्षेपर्यंतचे महिने रिकामे घालवू नका. इंटरनेटवर वेबएसडीआर नावाचे रिसीव्हर असतात, फोनवरून ऐकता येतात. भारतातला एखादा शोधा, ७ मेगाहर्ट्झवर लावा, एलएसबी (या पट्ट्यावर बोलण्याचा प्रकार) निवडा आणि सकाळी सात ते नऊ कानाला लावून बसा. पहिले चार दिवस नुसती खरखर आणि बदकासारखे आवाज येतील. पाचव्या-सहाव्या दिवशी कोणाचा तरी कॉलसाइन पूर्ण उतरवता येईल. वहीत तारीख, वेळ, कॉलसाइन लिहीत जा. पन्नास झाले की मला कळवा, तोवर तुमची परीक्षेची तारीखही आलेली असेल. मग तार कापायला मी स्वतः चिपळूणला येतो. दोन झाडं तेवढी बघून ठेवा, मध्ये वीस मीटर मोकळी जागा हवी.